बर्डीतल्या दुकानाचं नवीन बांधकाम : शिथिलता नेमकी कशात मिळते आणि कोण देतं?

लग्नपत्रिकावाली (सीताबर्डी) :

नमस्कार मंडळी. नागपूरच्या सीताबर्डीत, टेंपल बाजार रोडच्या आतल्या एका गल्लीत आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. खाली दुकान, वर छपाईचा मजला, त्यावर टिनाचं छत. इमारत आता थकली. जिन्याजवळची स्लॅब गळते, पावसाळ्यात कागदाचे गठ्ठे पलंगावर चढवून ठेवावे लागतात. म्हणून पाडून नवीन बांधायचं ठरवलं. तळमजला आणि वर तीन मजले, सगळी दुकानंच. एक मजला आम्ही ठेवू, बाकीचे भाड्याने देऊ. बँकेचं कर्ज काढावंच लागेल.

जागा समोरून २८ फूट, खोली ९५ फूट. पण मागे निमुळती होत जाते, मागची रुंदी २१ फूटच. डावीकडे बूटवाल्यांची भिंत आमच्या भिंतीला चिकटलेली. उजवीकडे एक जुनं घर, तिथे आजी-आजोबा दोघंच राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या बाजूला उघडते. समोरचा रस्ता विकास आराखड्यात ९ मीटरचा. प्रत्यक्षात हातगाड्या आणि स्कुटरी वगळल्या तर सहा मीटर भरला तरी खूप. रस्तारुंदीची रेघ आमच्या ओट्यावरून जाते.

आर्किटेक्टने काढलेल्या नकाशात चार ठिकाणी लाल पेनाने "शिथिलता" म्हणजे नियमातून सूट असं लिहिलं आहे. उजवीकडचं सामासिक अंतर, म्हणजे इमारतीच्या बाजूला मोकळं सोडायचं मार्जिन, कमी. दर्शनी भाग रस्त्याच्या रेघेच्या थोडा पुढे. जिना दीड मीटरऐवजी चार फुटी. आणि पार्किंग नियमात बसते त्यापेक्षा कमी. मी विचारलं हे मिळेल कसं, तर म्हणाले, "ताई, हे सगळं आयुक्तांच्या अधिकारात होते. आणि साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर मंजूरच समजायचं."

माझा आतेभाऊ क्लीव्हलँडजवळ राहतो. तो म्हणाला तिकडे अशा गोष्टींसाठी प्लॅनिंग कमिशन बसतं, शेजाऱ्यांना पत्रं जातात, सगळ्यांसमोर सुनावणी होते. आपल्याकडे असं काही असतं का? शेजारचे आजोबा हरकत घेऊ शकतात का? मला त्यांच्याशी भांडण नको आहे, लहानपणी त्यांच्याच अंगणात खेळलो आम्ही. आणि माझा भाऊ म्हणतो की एवढं विचारत बसण्यापेक्षा बांधून टाकू, मग दंड भरून रेग्युलर करून घेऊ. कोणी अनुभवी असेल तर सांगा.

इतवारीचा_होलसेल :

ताई, तुमचा भाऊ बरोबर बोलून राहिला. बर्डीत एक चक्कर मारून या आणि मला एक इमारत दाखवा जिचं मार्जिन सुटलेलं आहे. मोदी नंबर एक, दोन, तीन, कुठेही जा. भिंतीला भिंत. ते सगळे लोक काय सुनावणीला गेले होते? आमच्या इतवारीत तर दोन दुकानांच्या मधातून मांजर जात नाही. बांधा, नोटीस आली की वकील लावा, पुढचं पुढे. काहून एवढं डोकं लावता. पार्किंगचं म्हणाल तर गिऱ्हाईक गाडी रस्त्यावरच लावते, तुम्ही तळघरात सोन्याचं पार्किंग केलं तरी.

जुना_ड्राफ्ट्समन (धंतोली) :

इतवारीवाले भाऊ, पार्किंगबद्दल तुम्ही जे म्हटलं ते खरं आहे, बाकीचं ताईंना बुडवणारं आहे. मी ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंटच्या काळापासून नकाशे काढून राहिलो, म्हणून जरा लांब लिहितो. ताई, चहा घेऊन बसा.

बर्डीत मार्जिन दिसत नाही याचं कारण बहुतेक इमारती आजच्या नियमांच्या कितीतरी आधीच्या आहेत. काही तर पक्क्या नकाशाच्या आधीच्या. तुमची सध्याची इमारत तशीच असणार. पण ती पाडली की जुना हक्क गेला, नवीन नकाशा आजच्या नियमाने तपासला जातो. आजचा नियम म्हणजे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. ३ डिसेंबर २०२० पासून लागू आहे, मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला.

"बांधून टाकू, मग रेग्युलर करू" याचं आधी बोलतो, कारण त्याने घर बसतं. २०१७ मध्ये दंड भरून बांधकाम नियमित करायची जी प्रशमनाची तरतूद आली ती ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी. तुम्ही आज बांधलं तर त्या दारातून आत जाता येत नाही. दुसरं, सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२४ चा मेरठचा निकाल भावाला वाचायला द्या. निवासी प्लॉटवर दुकानं बांधली होती, वर्षानुवर्षं चालली, तरी पाडण्याचा आदेश कायम राहिला. कोर्टाने साफ म्हटलं की अधिकाऱ्यांनी इतकी वर्षं काही केलं नाही, पैसा खर्च झाला, या गोष्टी ढाल म्हणून चालणार नाहीत. त्याच निकालात वीज-पाण्याची जोडणी भोगवटा प्रमाणपत्र (इमारत मंजुरीप्रमाणे बांधली, वापरायला हरकत नाही असा दाखला) बघूनच द्या आणि बँकांनीही ते तपासूनच कर्ज द्यावं असं आहे. तुम्ही कर्ज काढणार, मजले भाड्याने देणार. भोगवटा नसेल तर चांगला भाडेकरू करारच करणार नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. आपल्याकडे कमिशन वगैरे नाही. नियोजन प्राधिकरण म्हणजे महानगरपालिका, आणि नागपुरात काही भागांपुरतं सुधार प्रन्यास. प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आला, म्हणजे महानगरपालिकेपेक्षा वयाने मोठा, त्यामुळे शहरातल्या कुठल्या तुकड्याचा नकाशा कोणाकडे जातो हा घोळ जुनाच आहे. आधी तुमचा प्लॉट कोणाकडे ते पक्कं करा. शिथिलतेचा अधिकार त्या प्राधिकरणाच्या प्रमुखाकडे, म्हणजे महानगरपालिकेत आयुक्तांकडे. फाईल नगररचना विभागातून टिप्पणी चढत चढत वर जाते आणि तिथे सही होते किंवा होत नाही. सुनावणी नाही, शेजाऱ्याला पत्र नाही.

पण अधिकार आहे म्हणजे वाट्टेल ते देता येतं असं नाही. नियमावलीच्या दुसऱ्याच प्रकरणात ते आहे, तुमच्या आर्किटेक्टला म्हणा एकदा मूळ वाचून दाखवा. विशिष्ट प्रकरणात, दाखवून देता येईल अशी अडचण असेल तर, कारणं लेखी नोंदवून मापांत सवलत देता येते. आणि ती देताना आरोग्य, आग, इमारतीची मजबुती आणि लोकांची सुरक्षितता याला धक्का लागता कामा नये, इमारतीतल्याही आणि शेजारच्याही. रस्त्याकडचं अंतर आणि एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) यात मात्र शिथिलता नाही, नियमावलीत दुसरीकडे कुठे वेगळं म्हटलं असेल तेवढं सोडून.

म्हणजे तुमच्या चार लाल खुणांपैकी दर्शनी भागाची खूण आजच खोडा. ती मागितली तर बाकीच्या तीनही संशयात येतात. टेबलावरचा माणूस पहिली खूण बघतो आणि ठरवतो की या आर्किटेक्टने नियम वाचलेला नाही.

जिन्याचीही खोडा. दुकानांच्या इमारतीला दीड मीटर जिना हा आगीचा विषय आहे. वर तीन मजले गिऱ्हाईक, लग्नसराईत तुमच्याकडे एका वेळी चार-चार कुटुंबं पत्रिका बघत बसलेली, आणि तुमचा माल काय तर कागद. अग्निशमन विभाग चार फुटी जिन्यावर सही करणार नाही आणि करू नये. २००६ चा राज्याचा आग प्रतिबंधक कायदा लागतो, त्यात इमारत चालू झाल्यावरही दर वर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तो खर्च भाड्याच्या हिशेबात आत्ताच धरून ठेवा. बरेच मालक नंतर हबकतात.

उरलं सामासिक अंतर. इथे तुमची बाजू खरंच आहे. अडचण प्लॉटची असावी लागते, मालकाची नाही. "मार्जिन सोडलं तर एक दुकान कमी होते" ही मालकाची अडचण. ती टिप्पणीत लिहिली की फाईल तिथेच बसते. "प्लॉट २८ फुटांवरून २१ फुटांवर येतो, डावीकडे शेजाऱ्याची भिंत चिकटलेली आहे, पुढचा भाग रस्त्यात जातो, दोन्हीकडून पूर्ण अंतर सोडलं तर मागच्या भागात वापरण्याजोगी खोलीच निघत नाही" ही प्लॉटची अडचण. ती मापांनी दाखवा. मोजणीचा नकाशा लावा, फोटो लावा, आणि नियमाप्रमाणे पूर्ण अंतर सोडलेला एक नकाशाही सोबत द्या, म्हणजे काय उरतं ते बघणाऱ्याला डोळ्यांनी दिसेल. हा दुसरा नकाशा कोणी देत नाही. मी देत असे. आणि सवलत मागताना सगळ्या बाजूने मागू नका. जिथे प्लॉट अरुंद होतो तिथपासून मागेच मागा, समोरच्या अर्ध्या भागात नियमाप्रमाणे सोडा.

साठ दिवसांचं आर्किटेक्ट अर्धंच सांगून राहिले. १९६६ च्या नगररचना अधिनियमात कलम ४५ मध्ये ते आहे, पण नियमात बसणाऱ्या नकाशाला. ज्या नकाशात तुम्ही स्वतःच शिथिलता मागता तो नियमात बसत नाही हे तुम्हीच लिहून दिलेलं असतं. मानीव मंजुरीच्या भरवशावर पायवा खोदू नका. नकार आला तर मात्र कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील आहे. नकाराचं पत्र आलं की त्यावर तारीख घालून ठेवा.

रस्त्यात जाणाऱ्या पट्ट्याचं लोक उगाच रडतात. ती जमीन रीतसर महानगरपालिकेला द्या आणि मोबदल्यात एफएसआय किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घ्या. २०१६ च्या टीडीआर नियमांपासून दिलेल्या क्षेत्राच्या दुप्पट, आणि दाट वस्तीच्या भागात तिप्पट मिळतो. तुमचे दहा-बारा चौरस मीटर जात असतील तर हिशेब करा. ओटा पुढे ठेवून काय कमावणार होता आणि हे काय मिळते.

पण या सगळ्याच्या आधी आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा आणि सत्ताप्रकाराचा (जागा कुठल्या हक्काने आहे त्याचा) रकाना बघा. बर्डी, धरमपेठ, सिव्हिल लाइन्सकडे नझूलचे, म्हणजे सरकारी जमिनीचे, प्लॉट भरपूर. भाडेपट्टा असेल तर तो कशासाठी दिला आहे ते वाचा. निवासी लिहिलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडचं काम आधी, नकाशा नंतर. नकाशा मंजुरीला आला आणि नझूलवर अडकला असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि तोपर्यंत मालकाने दुकान रिकामं करून टाकलं होतं.

लग्नपत्रिकावाली :

काका, एवढं कोणी फुकट सांगत नाही. भावाला वाचायला दिलं, तो गप्प झाला, म्हणजे पटलं असावं. आखीव पत्रिका बाबांच्या पेटीत होती. सत्ताप्रकारापुढे नझूल नाही, मालकी हक्काचाच आहे, सुटलो. पण पत्रिकेवर नाव अजून आमच्या आजोबांचंच आहे! आधी वारस नोंद करावी लागेल असं दिसतं. पार्किंगचं मात्र राहिलं. २८ फुटांत गाडी खाली कशी उतरवायची?

मापे_आणि_मार्जिन :

मी आर्किटेक्ट आहे, नवीनच. काकांच्या एका गोष्टीत भर घालते. सीताबर्डी मेट्रोच्या दोन्ही मार्गिकांच्या जंक्शनवर आहे, मार्गापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात जास्तीचा एफएसआय मिळू शकतो. ताईंनी तो का सोडावा? शिथिलतेच्या मागे लागण्यापेक्षा मेट्रोच्या पट्ट्याचा फायदा घ्या, आणखी दोन मजले चढतील.

जुना_ड्राफ्ट्समन (धंतोली) :

बेटा, चढतील कशावर? त्या पट्ट्यातला एफएसआयसुद्धा रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचं क्षेत्र दोन्ही बघून ठरतो. ताईंची जागा सव्वादोनशे चौरस मीटरच्या आत, रस्ता ९ मीटरचा. मेट्रो जवळ असल्याने प्लॉट मोठा होत नाही. साधा हिशेब करू. दाट वस्तीच्या हद्दीबाहेर असेल तर ९ ते १२ मीटर रस्त्याला मूळ १.१, प्रीमियम भरून ०.५ आणि टीडीआर ०.४, मिळून २. त्यावर बिगरनिवासी वापराला ८० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय, त्यालाही पैसे. हद्दीच्या आत असेल तर तक्ता वेगळा. ते भाग नकाशा आणि झोन दाखला काढल्याशिवाय कळत नाही, म्हणून ताई, तो अर्ज उद्याच टाका. पण कुठल्याही तक्त्याने बघा, तळमजला अधिक तीनला एफएसआय कमी पडत नाही, अंतर आणि पार्किंग कमी पडते. जागा अरुंद असली की वरची मर्यादा कागदावरच राहते.

पार्किंग. गाडीचा रॅम्प म्हटला की तीनेक मीटर रुंदी गेली, म्हणजे तुमच्या दर्शनी भागाचा तिसरा हिस्सा. रॅम्प विसरा. यांत्रिक पार्किंग नियमात चालते. तळमजल्याच्या मागच्या भागात, जिथे तसंही गिऱ्हाईक येत नाही, एकावर एक गाडी चढवणारं यंत्र बसवा आणि पुढे दुचाकी. होय, एक दुकान कमी होईल. पण पार्किंगमध्ये सूट मागत बसला तर फाईल किती दिवस कुठल्या टेबलावर राहील ते मी सांगू शकत नाही. नियमात बसवून टाका आणि तुमची सगळी ताकद त्या एका उजव्या अंतरावर लावा. एकच शिथिलता, तिचं एकच कारण, आणि ते कारण मोजणीच्या नकाशात दिसणारं.

क्लीव्हलँडचा_आतेभाऊ :

ताईने लिंक पाठवली म्हणून आलो. इतवारीवाल्या भाऊंना वाटत असेल इकडे सगळं गुलाबी आहे, तर तसं नाही.

आमच्या गावाच्या शेजारीच युक्लिड नावाचं गाव आहे. त्याच गावाच्या खटल्यात १९२६ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग वैध ठरवलं. त्यामुळे इथल्या लोकांना झोनिंगचा जरा जास्तच अभिमान. ओहायोत दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि काकांचं वाचताना मला त्याच आठवत होत्या. वापर बदलायचा असेल, म्हणजे घराच्या जागी दुकान, तर "अनावश्यक हाल" सिद्ध करावे लागतात, ते जवळजवळ अशक्य. मापांत सवलत हवी असेल तर "व्यावहारिक अडचण" पुरते. १९८६ च्या एका निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कशी बघायची याची यादी दिली. सवलतीशिवाय जागेचा काही फायदेशीर वापर होतो का, मागितलेली सवलत किती मोठी, शेजारच्या वस्तीचं रूप बदलेल का, पाणी-गटार-कचरा यांना अडथळा येईल का, मालकाने ही बंधनं माहीत असून जागा घेतली का, आणि सवलतीशिवाय दुसऱ्या मार्गाने अडचण सुटेल का. सगळ्यात जास्त लोक शेवटच्या प्रश्नावर पडतात.

मी एका सुनावणीला बसलो होतो, आमच्या मेन स्ट्रीटवरच्या जुन्या दुकानाच्या इमारतीची. मालकाने मागे गाड्यांची जागा नियमापेक्षा कमी मागितली होती आणि दर्शनी पाटी नियमापेक्षा मोठी. पार्किंगवर कोणी फार बोललं नाही, मागे सार्वजनिक पार्किंग होतं, अट घालून मंजूर झालं. पाटीवर मात्र रात्री उशिरापर्यंत. समोरच्या फुलवालीने उठून सांगितलं की पाटीचा उजेड तिच्या वरच्या खोलीत येईल. मालक म्हणाला पाटी लहान केली तर दुकान दिसणार नाही. एका सदस्याने विचारलं, इतकी वर्षं कसं दिसत होतं? पाटी नामंजूर.

फरक एवढाच की त्या फुलवालीला बोलायला जागा होती, आणि सगळं लेखी इतिवृत्तात आलं, कोणालाही वाचता येतं. पण त्याला वेळ लागतो, आणि ज्याला कोणाशी जुनं वैर आहे तो प्रत्येक सुनावणीला हजर असतो. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, त्यांना कुठलीच इमारत चालत नाही.

ताई, तुझ्या शेजारच्या आजोबांना इथे पत्र गेलं असतं.

इतवारीचा_होलसेल :

बरं भौ, सगळे मिळून मलाच धुऊन राहिले. एक विचारतो काका. सुनावणी नाही, पत्र नाही, मग त्या आजोबांनी काय करायचं? खिडकी बंद झाल्यावरच कळणार का त्यांना?

जुना_ड्राफ्ट्समन (धंतोली) :

हा प्रश्न चांगला विचारला.

आपल्याकडे लोकांच्या हरकती मागवल्या जातात त्या आराखडाच बदलायचा असेल तर. कलम ३७ चा फेरबदल, म्हणजे झोन बदलणं, आरक्षण हलवणं. त्याची जाहीर सूचना निघते, एक महिना हरकतींना मिळतो आणि शेवटचा निर्णय शासनाचा. पण एका प्लॉटची मापं सैल करायची असतील तर तसं काही नाही. कलम ४७ चं अपीलही ज्याने अर्ज केला त्याचं आहे, शेजाऱ्याचं नाही. आजोबांच्या हातात काय उरतं? फाईल चालू आहे असं कळलं तर लेखी हरकत देऊन पोच घेणं. ती फाईलला लागते, आणि कारणं लेखी नोंदवायची असल्याने सही करणाऱ्याला ती वाचावी लागते. माहिती अधिकारात नकाशा आणि टिप्पणी मागणं, ३० दिवसांत. आणि शेवटी कोर्ट, खंडपीठ आपल्याच शहरात आहे.

शिवाय खिडकीचा हक्क हा नगररचनेच्या बाहेरचा विषय आहे. सुविधाधिकाराचा कायदा १८८२ चा. वीस वर्षं अखंड, उघडपणे, कोणी न अडवता खिडकीतून उजेड-वारा घेतला असेल तर तो हक्क होतो. गंमत म्हणजे मुंबई इलाख्याला हा कायदा १८९१ मध्ये लागू झाला, आपल्या मध्य प्रांतात मात्र पहिल्यापासून होता. ताई लहानपणी तिथे खेळल्या म्हणतात, म्हणजे वीस वर्षं केव्हाच झाली. आयुक्तांनी अंतर कमी करून दिलं म्हणून हा हक्क संपत नाही. उद्या आजोबा दिवाणी कोर्टात गेले तर मंजूर नकाशा हातात असून काम थांबू शकतं.

मला हे ताईंना घाबरवायला सांगायचं नाही. उलट त्यांच्या फायद्याचं आहे. शिथिलता मागताना शेजारच्या वस्तीच्या उजेड-वाऱ्याला बाधा येत नाही हे दाखवावं लागणारच. ते दाखवायचा सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे शेजाऱ्याची लेखी संमती.

लग्नपत्रिकावाली :

काका, काल संध्याकाळी आजोबांकडे गेले होते. नकाशा पलंगावर पसरला. त्यांनी चष्मा लावून सगळ्यात आधी बघितलं की त्यांचं आंब्याचं झाड वाचतं का. झाड त्यांच्याच आवारात आहे, वाचतं. मग खिडकी. आजी म्हणाल्या, सकाळी नऊपर्यंत ऊन आलं पाहिजे, वड्या-पापड तिथेच वाळतात. मी म्हटलं खिडकीसमोर भिंत आत घेऊ. आजोबा म्हणाले, तोंडाने नको, कागदावर काढून आण, मग सही करतो. रागाने नाही म्हणाले, पण म्हणाले.

आर्किटेक्टशीही बोलले. दर्शनी भाग आणि जिना त्यांनी मुकाट्याने दुरुस्त केला. यांत्रिक पार्किंगवर थोडे कुरकुरले, कारण मागचं दुकान त्यांनी मनातून कोणाला तरी देऊन टाकलं होतं असं वाटलं. झोन दाखल्याचा अर्ज गेला. वारस नोंदीचं भावाकडे दिलं आहे.

आता प्रश्न एकच. खिडकीसमोर भिंत किती आत घ्यायची, आणि ते नकाशात कसं दाखवायचं?

जुना_ड्राफ्ट्समन (धंतोली) :

आजोबा शहाणे आहेत.

खिडकी नकाशात दाखवा, लपवू नका. बहुतेक आर्किटेक्ट शेजारची इमारत फक्त एका रेघेने दाखवतात आणि जागा तपासणीला अभियंता आला की त्याला खिडकी दिसते आणि मग नवीन त्रुटी निघते. शेजारच्या भिंतीवर खिडकीची जागा, रुंदी आणि जमिनीपासून उंची मोजून टाका. तिच्यासमोर तुमच्या इमारतीत खाच ठेवा, वरपर्यंत उघडी, स्लॅबने कुठेच झाकू नका. खिडकीच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडून निदान फूटभर जास्त. त्या खाचेला तुमचे एसीचे डबे आणि संडासाचे पाइप काढू नका, नाहीतर आजींच्या पापडांना वास येईल आणि संमती मागे घेतील. तुमच्याही मधल्या दुकानांना त्याच खाचेतून उजेड मिळतो, ते अर्जात लिहा.

किती आत, ते ऊन सांगेल. नऊ वाजता खिडकीपाशी उभ्या राहा आणि ऊन तुमच्या जुन्या भिंतीच्या कुठल्या उंचीवरून येते ते खडूने मारून ठेवा. पण ती भिंत दोन मजल्यांची आहे, नवीन चार मजल्यांची. म्हणून आर्किटेक्टला छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखा नकाशा, काढायला लावा, तळापासून गच्चीपर्यंत, आजोबांच्या खिडकीसकट. ऊन पूर्वीएवढं राहणार नसेल तर तेही त्यांना त्याच छेदावर दाखवा, सही घेण्याआधी. संमतीपत्राला तोच छेद जोडा आणि त्याच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या, आजींची सुद्धा. घर कोणाच्या नावावर आहे ते बघून घ्या, बरेचदा आजींच्या नावावर असतं.